सॉल्ट सांगणारी बाई

ममता मुनेश्वरला राग आला की ती तोंडातून शब्द काढत नाही, परीक्षानळ्या धुवायला घेते. धुतलेल्यासुद्धा पुन्हा धुते. बाभुळगाव तालुक्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये गेली सोळा वर्षं नळ्या लखलखीत असतात, आणि तिथल्या मास्तरांना वाटतं, बाई कामाला फार चोख आहे. चोख कसली बाप्पा! बाई आतून पेटलेली आहे, हे कोणाच्या ध्यानातच येत नाही.

लॅब अटेंडंट म्हणजे काय, ते आधी सांगतो. कागदावर तो प्रयोगशाळा परिचर. प्रत्यक्षात सोल्यूशनं बनवणारा, बर्नर पेटवणारा, ॲसिड सांडलं की पुसणारा, सरांसाठी चहा आणणारा आणि वर्षातून एकदा, बारावीच्या प्रॅक्टिकलच्या दिवशी, सॉल्ट सांगणारा. परीक्षेत प्रत्येक पोराच्या टेबलावर एक पांढरी किंवा रंगीत पूड ठेवलेली असते. ती कशाची आहे, हे त्यानं कसोट्या करून ओळखायचं असतं. पुडी भरतो अटेंडंट. म्हणजे कोणत्या टेबलावर काय आहे, हे सरांना माहीत आणि अटेंडंटला माहीत. सकाळी सर एक चिठोरी देतात, तिच्यावर चार-पाच टेबलांचे नंबर. अटेंडंटनं डिस्टिल्ड वॉटरची बाटली भरायच्या बहाण्यानं त्या टेबलापाशी जायचं, वाकायचं आणि सॉल्टचं नाव पुटपुटून पुढं सरकायचं. वर्षानुवर्षं चालत आलेली पद्धत. चिठोरीवर कोणाचे नंबर असतात, हे काय सांगायला पाहिजे? संचालकाचा पुतण्या, कृषी केंद्रवाल्याची मुलगी, डॉक्टरचा पोरगा. हमालाच्या पोराचा नंबर त्या चिठोरीवर आजवर आलेला नाही.

ममतानं सोळा वर्षं सॉल्ट सांगितलं. एकदाही चुकलं नाही.

पण तिची गोष्ट सुरू होते त्याच्या आधी, दोन हजार तीन साली. तेव्हा ती त्याच लॅबमध्ये टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभी होती. बारावी सायन्स, टेबल नंबर अकरा. तिचा बाप भीमराज तेव्हा तिथला अटेंडंट होता. आपल्या पोरीला सायन्सला टाकलं म्हणून वस्तीत त्याची कॉलर ताठ असायची. दीक्षाभूमीवरून आणलेला बाबासाहेबांचा फोटो ज्या भिंतीवर होता, त्याच भिंतीवर त्यानं ममताच्या दहावीच्या मार्कलिस्टची झेरॉक्स चिकटवली होती. ममताला नर्स व्हायचं होतं. यवतमाळच्या सरकारी नर्सिंगला नंबर लागला की झालं. बाकी काही डोक्यातच नव्हतं तिच्या.

त्या दिवशी भीमराज बाटली घेऊन फिरत होता. तीन नंबरपाशी वाकला, सात नंबरपाशी वाकला. अकरा नंबरपाशी आला आणि मान खाली घालून तसाच पुढं गेला. ममतानं डोळ्यांनी विचारलं, बाबा? भीमराजनं पाहिलंच नाही. मग तिनं स्वतः केलं. नळीत पांढरा साका आला. अमोनिया थेंबाथेंबानं वाढवला, तसा साका विरघळून गेला. विरघळला म्हणजे झिंक, नाही विरघळला तर ॲल्युमिनियम. तिनं स्वच्छ पाहिलं होतं. झिंक लिहिलं आणि पेपर दिला.

जूनमध्ये निकाल लागला. थिअरी चांगली होती, पण केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलमध्ये तीसपैकी अकरा. नर्सिंगचा नंबर तीन मार्कांनी हुकला. ती रडत रडत केमिस्ट्रीच्या गावंडे सरांकडे गेली, म्हणाली, मी झिंक लिहिलं, झिंकच होतं ना, सर? सर तेव्हा पस्तीस-छत्तीसचे, नुकतेच लागलेले. व्हरांड्यात उभे राहून ते म्हणाले, "ॲल्युमिनियम होतं, बाई. झिंक आन् ॲल्युमिनियमचा फरक समजत नाई आन् पेशंटले औषध देशीन काय? जेवढं झेपते तेवढंच करावं मानसानं."

एवढंच बोलले आणि आत गेले. पण ते वाक्य ममताच्या काळजात असं रुतलं की विचारू नका. ती घरी आली ती हे ठरवूनच की आपल्या डोक्यात काहीतरी कमी आहे. आपल्याला दिसतं तेसुद्धा चुकीचं दिसतं. सायन्स हे त्या लोकांचं काम, ज्यांच्या घरी टेबलखुर्ची आहे. बापावरही तिनं डूख धरला. बाकीच्यांना सांगितलं आणि पोटच्या पोरीला नाही! भीमराज एवढंच म्हणाला, "माय, तुह्या हुशारीवर भरोसा होता मले." ती त्याच्याशी महिनाभर बोलली नाही, आणि नंतर बोलली तरी पहिल्यासारखी कधीच नाही. दोन हजार नऊ साली बाप ड्यूटीवर असतानाच हार्ट अटॅकनं गेला. अनुकंपावर तिला त्याच लॅबमध्ये लावलं. ऑर्डर हातात देताना गावंडे सर हसून म्हणाले, "चला, भीमराजची जागा भीमराजच्याच घरात राह्यली. शोभलं."

शोभलं! ममतानं त्या दिवशी पहिल्यांदा धुतलेल्या नळ्या पुन्हा धुतल्या.

यंदाचा फेब्रुवारी आला. गावंडे सर आता उपप्राचार्य झाले होते, केस रंगवत होते आणि मे महिन्यात रिटायर होणार होते. म्हणजे त्यांची ही शेवटची प्रॅक्टिकल. आणि रिटायर होऊन ते घरी बसणार नव्हते. संस्थेचे सचिव भगवानराव नवीन इंग्लिश स्कूल काढत होते, तिथं मुख्याध्यापकाची खुर्ची सरांसाठी पुसून ठेवलेली होती. आता भगवानरावांचा नातू रणवीर यंदा बारावीला. म्हटल्यावर चिठोरीवर पहिला नंबर कोणाचा असणार, हे आंधळ्यालाही दिसावं.

"चार नंबर," परीक्षेच्या सकाळी चिठोरी हातात देत सर म्हणाले. "बाकीच्याईले सांग, नाई तं नोको सांगू. पण चार नंबर चुकला नाई पाह्यजे, ममता. माह्या खुर्चीचा सवाल आहे."

"चुकनार नाई, सर," ममता म्हणाली.

त्याच क्षणी तिनं ठरवलं. वर्षानुवर्षं साठवलेलं सगळं एका जागी गोळा झालं तिच्यात. चार नंबरवर लेड नायट्रेट होतं, म्हणजे शिशाचं. ती सांगणार होती बेरियम क्लोराईड. पोरगा पडेल तोंडावर, आजोबा खवळतील, खुर्ची जाईल. जाऊ दे! यंदा नाही तर मग कधीच नाही. मे नंतर हा माणूस हातात सापडणार नव्हता.

साडेदहाला बॅच सुरू झाली. बाहेरून आलेले परीक्षक सेवादास राठोड म्हणून होते, दिग्रसकडचे, पस्तिशीतले. त्यांना सरांनी लॅबमध्ये पाच मिनिटं फिरवलं आणि प्राचार्यांच्या केबिनमध्ये नेऊन बसवलं. तिथं पोहे, जिलेबी, चहा. परीक्षकाला लॅबमध्ये जास्त वेळ उभं राहू द्यायचं नाही, हीसुद्धा पद्धतच.

ममता बाटली घेऊन निघाली. चार नंबरपाशी रणवीर उभा होता. गोरागोमटा, पांढऱ्या कोटाची इस्त्री मोडलेली नाही. नळीकडे डोळे लावलेले. ती वाकली आणि पुटपुटली, "बेरियम क्लोराईड."

पोरगा दचकला. तिच्याकडे पाहिलं, नळीकडे पाहिलं. "पक्कं, मावशी?"

"पुडी मीच भरली ना."

"थँक्यू मावशी," तो म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला मेला, आणि पेन काढून लिहायला लागला. ममता जरा थबकली. पण जराच. त्याच्या पुढच्या टेबलावर नाजिया होती, स्टँडवरच्या अब्दुल गनी मेकॅनिकची मुलगी. तिला कोणी काही सांगणार नव्हतं. ती आपली ओठ दाताखाली धरून थेंब मोजत होती. तिच्याकडे पाहून ममताचं मन पुन्हा घट्ट झालं.

साडेबाराला घंटा झाली. ममतानं सगळे पेपर गोळा केले, दोरीनं बांधले, काखेत मारले आणि स्टाफरूममध्ये सरांकडे नेले. सर एकटेच होते. समोर मार्कांची यादी पसरलेली आणि हातात पेन्सिल. त्यांनी वर न पाहता म्हटलं, "ठेव तिकडे."

ममता ठेवायला वाकली आणि तिची नजर यादीवर गेली.

यादी भरलेली होती. वरपासून खालपर्यंत, प्रत्येकाच्या नावापुढं पेन्सिलनं मार्क. रणवीर, एकोणतीस. डॉक्टरचा पोरगा, अठ्ठावीस. नाजिया, तेरा. आणि पेपर अजून ममताच्या काखेत होते! दोरी सुटली नव्हती. त्यातला एक शब्द कोणी वाचला नव्हता.

"सर," ती म्हणाली, "पेपर तं माह्याजवळ आहे."

"मंग? ठेव ना."

"पाहाचे आहे ना अजून."

सर हसले. त्यांना खरंच हसू आलं. "अवं, वर्षभर पोट्टे पाहून राह्यलो मी. कोनाचं पोरगं कितीचं आहे, हे पेपर पाहून समजते काय? सॉल्ट सांगाचं ते नुसतं, बोर्डानं कधी गठ्ठा मागितला तं कागद बरोबर दिसावा म्हनून. बावीस-तेवीस वर्षं झाले, कधी दोरी सोडली नाई. तुह्या बापाले ठाऊक होतं की हे. तोच तं गठ्ठे बांधून ठेवे."

ममतानं गठ्ठा टेबलावर ठेवला. "बावीस वर्षं? दोन हजार तीनलेही असंच होतं, सर?"

"काहून? दोन हजार तीनले काय होतं?"

"मी होती परीक्षेले. टेबल नंबर अकरा."

सरांनी पेन्सिल ठेवली. तिच्याकडे नीट पाहिलं, आठवायचा खराच प्रयत्न केला आणि मान हलवली. "तू सायन्सले होती? काय सांगतं!"

अहो, ज्या माणसाच्या एका वाक्यावर तिनं आपलं अख्खं आयुष्य कातरलं, त्याला ती परीक्षेला होती हेच आठवत नव्हतं! ज्या मार्कांसाठी तिनं स्वतःला मूर्ख ठरवलं, ते तिचा पेपर उघडायच्या आत कोणीतरी पेन्सिलनं लिहून टाकले होते. तिनं झिंक लिहिलं असतं, सोनं लिहिलं असतं, कोरा पेपर दिला असता, अकराच मिळाले असते. भीमराजची पोरगी अकराची. आणि भीमराजला हे माहीत होतं. म्हणून तो अकरा नंबरपाशी मान खाली घालून गेला. सांगून काही फायदा नाही, हे ठाऊक असलेला बाप दुसरं काय करणार? आणि पोरीला तरी कसं सांगावं त्यानं, की माय, तुह्या हुशारीचा काही उपयोग नाही? तो मरेपर्यंत तिचा राग पोटात घालून राहिला. ममताला तिथंच हंबरडा फोडावासा वाटला. तिनं फोडला नाही.

तिनं पेपरांचा गठ्ठा पुन्हा उचलला. दुसऱ्या हातानं पेन्सिलची यादी उचलली. सर म्हणाले, "अवं, यादी कायले नेतं?" तोपर्यंत ती दाराबाहेर होती.

केबिनमध्ये सेवादास राठोड हात धुऊन पाचच्या गाडीची चौकशी करत होते. ममतानं गठ्ठा त्यांच्यासमोर ठेवला आणि वर यादी ठेवली.

"सर, पेपर पाहाचे राह्यले. मार्क भरून झाले."

राठोड सरांनी यादी पाहिली, गठ्ठा पाहिला, दोरी पाहिली. तो माणूस काही वाईट नव्हता, पण दुसऱ्याच्या गावात जिलेबी खाल्लेला होता. "बाई, सगळीकडे थोडंफार असंच असतं," ते हळू आवाजात म्हणाले. "तुम्ही कशाला मध्ये पडता? तुमची नोकरी आहे."

"तुमचीही आहे," ममता म्हणाली. "तुमी सही करा. मी बोर्डाले लिहीन, पेपर बांधलेले होते आन् सही झाली. माह्या डोळ्यानं पाह्यलं म्हनून लिहीन."

मागून गावंडे सर धापा टाकत आले होते. "ममता, डोकं फिरलं काय तुह्यं?"

राठोड सरांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा हिच्याकडे. पाणी प्यायले आणि दोरी सोडली. भीतीनं सोडली की लाजेनं, देव जाणे. पण सोडली.

पहिलाच पेपर त्यांनी काढला तो चार नंबरचा. ममता मनात म्हणाली, आता बघा मजा! पान उलटलं. आणि ती नकळत वाकून वाचायला लागली.

रणवीरनं आधी शिसंच लिहिलं होतं. स्वच्छ अक्षरात, सगळ्या कसोट्या करून. पोटॅशियम आयोडाईड टाकलं, पिवळा साका आला, लेड कन्फर्म. सगळं बरोबर. त्याच्यावर एक आडवी रेघ मारून खाली घाईघाईनं बेरियम क्लोराईड लिहिलं होतं. पोरानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं आणि मावशी म्हणाली म्हणून खोडलं होतं.

ममता त्या रेघेकडे पाहत राहिली. लाज वाटली तिला, खरंच वाटली. ज्याचा सूड घ्यायला निघाली होती, नेमकं तेच तिनं एका सतरा वर्षांच्या पोराला केलं होतं. उद्या त्यालाही वाटेल की आपल्याला दिसतं ते चुकीचं दिसतं. गप्प बसली असती तर सर गेलेच होते, पोरगाही गेला असता, आणि हिच्या अंगावर काही आलं नसतं. कोण विचारणार होतं?

"सर," ती राठोडांना म्हणाली, "ते खोडलेलं धरा. ते खरं आहे. बेरियम मी सांगितलं त्याले."

"तुम्ही?"

"हो. गावंडे सर चिठोरी देते, मी सॉल्ट सांगत असतो. सोळा वर्षं झाले. यंदा चार नंबरले मुद्दाम खोटं सांगितलं, सरचं वाटोळं व्हावं म्हनून. हे पाहा, चिठोरी." तिनं ब्लाऊजमधून कागद काढून टेबलावर ठेवला. सरांच्या अक्षरात, सरांच्या हिरव्या पेनानं. "लिहून घ्या. सही करून देतो मी."

गावंडे सर खुर्चीत बसले. त्यांच्या रंगवलेल्या केसांखाली कपाळावर घाम आला होता, आणि ममतानं तो डोळे भरून पाहिला. मन भरेपर्यंत पाहिला. खोटं कशाला सांगू, गोड वाटलं तिला.

पेपर संध्याकाळी सहापर्यंत तपासले गेले. राठोड सरांची पाचची गाडी गेली. नाजियाला सत्तावीस पडले. रणवीरला खोडलेलं धरून तेवीस. डॉक्टरच्या पोराचा पेपर जवळपास कोरा होता, त्याचे काय ते पडले. ममताचा जबाब राठोड सरांनी आपल्या अहवालाला जोडला आणि जाताना म्हणाले, "बाई, मी तांड्यावरचा आहे. माझेही मार्क कोणीतरी असेच लिहिले असतील." जिलेबी खाताना हे आठवलं नव्हतं, असं ममताच्या ओठांवर आलं होतं, ते तिनं गिळलं.

मग व्हायचं ते झालं. भगवानरावांना नातवाच्या मार्कांचं दुःख नव्हतं, पण त्याचं नाव एका चौकशीच्या कागदावरून चव्हाट्यावर आलं, याचा त्यांना झणका बसला. त्यांनी इंग्लिश स्कूलची खुर्ची दुसऱ्याला दिली. गावंडे सरांना परीक्षेच्या कामातून काढलं, निरोप समारंभ रद्द झाला. छापलेल्या पत्रिका ऑफिसच्या कपाटात तशाच पडल्या. ममतालाही मेमो आला, चौकशी लागली, ती अजून सुरू आहे. नवरा लोहाऱ्याच्या एमआयडीसीत रात्रपाळी करतो. तो म्हणाला, "गेली तं गेली नोकरी. पण एवढ्या वर्सात तू अशी जेवली नवती." खरंच, त्या रात्री ती दोन भाकरी जास्त जेवली.

एकतीस मेला गावंडे सर कपाटाच्या किल्ल्या द्यायला लॅबमध्ये आले. कोणी सोबत नव्हतं. किल्ल्या टेबलावर ठेवल्या, पण पाय निघेना. शेवटी म्हणाले, "ममता, काय भेटलं तुले? मी तुले काय वाईट केलतं? अनुकंपावर मीच तं घेतलं. तुहीही नोकरी टांगनीवर, माहंही म्हातारपन नासवलं. सांग ना, काय भेटलं?"

अजूनही त्यांना आठवलं नव्हतं. ममतानं किल्ल्या मोजून घेतल्या, कमरेला खोचल्या.

"तुमी मले न वाचता मार्क देल्ले, सर," ती म्हणाली. "मी तुमाले सोळा वर्सं वाचलं, मंग देल्ले."